विशीतल्या कुमारांना जोखताना
कुमार गटात विशीला टेकलेल्या मुलाचे आकडे बघताना आधी समोर कोण होतं ते बघावं. १७ वर्षांच्या पोरांपुढे वाढलेलं अंगच निम्मं काम करून जातं. आइस हॉकीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, म्हणूनच अशा खेळाडूने मोठ्यांविरुद्ध काय केलं, याला वजन असतं. पण वय झालं म्हणून फुली मारणं मला साफ चूक वाटतं. क्रिकेटमधला, पुण्यातल्या कोथरूडचा केदार जाधव घ्या. २०१२मध्ये रणजीत उत्तर प्रदेशाविरुद्ध ३२७, २०१३-१४च्या मोसमात १,२२३ धावा, त्याही मुरलेल्या गोलंदाजांसमोर. भारताकडून पहिला एकदिवसीय सामना मात्र वयाच्या २९व्या वर्षी. २०१७मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेत इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना त्याने ७६ चेंडूंत १२० काढल्या. पायात गोळे आले तरी फटके थांबले नाहीत.