मागून येणाऱ्याचे भान

गोल्फ या खेळाशी आमच्या बहुसंख्य वाचकांचा संबंध वर्तमानपत्राच्या क्रीडापृष्ठापलीकडे जात नाही, याची आम्हांस जाणीव आहे. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही लोकांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणूनच आहे; पण तेथे रणजी करंडकाचे क्रिकेट पाहावयास जमणाऱ्या किती जणांनी गोल्फची काठी हाती धरली असेल? तेव्हा भात, मासळी आणि महागाई यांच्या चिंतेत असलेल्या वाचकापुढे गोल्फच्या मैदानावरील गैरवर्तनाचा विषय मांडणे हे विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु एखाद्या खेळाची तक्रार ही पुष्कळदा त्या खेळापुरती नसते. गोल्फ खेळणारे ज्या गोष्टींनी त्रासतात, त्याच गोष्टींनी आपणही रोज त्रासत असतो. त्यांनी त्यावर नियम केले आणि आपण मात्र केवळ कपाळाला आठ्या घालतो, एवढाच काय तो फरक.

या तक्रारी तरी कोणत्या? पहिली आणि सर्वांत जुनी तक्रार रेंगाळण्याची. चार जणांची तुकडी पुढे खेळत असते; तिच्यातील एक जण फटका मारण्यापूर्वी पाच वेळा काठी हवेत फिरवून पाहतो, दुसरा हरवलेला चेंडू झुडपांत शोधत बसतो आणि मागे दोन तुकड्या उन्हात तिष्ठत उभ्या राहतात. दुसरी तक्रार बोलण्याची. दुसऱ्याने नेम धरला असता याच्या गप्पा चालू असतात, किंवा खिशातील भ्रमणध्वनी नेमका त्याच क्षणी वाजतो. तिसरी तक्रार मैदानाच्या हेळसांडीची. फटक्याने उखडलेले गवताचे ढेकूळ तसेच सोडून द्यावयाचे, वाळूच्या खड्ड्यात उमटलेली पावले दाताळ्याने सारखी न करताच पुढे जावयाचे. चेंडू माणसांच्या दिशेने चालला असताही ‘फोर’ अशी आरोळी न देणे, नेम चुकला की काठी फेकणे, बरोबरच्या कॅडीवर राग काढणे आणि मोजणीच्या कागदावर आपला एखादा फटका सोयीस्करपणे विसरणे, ही या यादीची पुढची कलमे होत.

या खेळाचे सर्वांत जुने लेखी नियम 1744 साली स्कॉटलंडातील लीथ येथे झाले. ते अवघे तेरा होते. हिंदुस्थानात हा खेळ इंग्रजांबरोबर आला आणि कलकत्त्याचा क्लब 1829 साली स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. तेरा नियमांचे पुढे मोठे पुस्तक झाले, आणि अनेक वर्षे त्या पुस्तकाचा पहिला विभाग खेळाच्या नियमांचा नव्हे, तर शिष्टाचाराचा होता. 2019 साली नियमांची मोठी फेररचना झाली, तेव्हा खेळाडूच्या वर्तनाची अपेक्षा थेट पहिल्याच नियमात घालण्यात आली. हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली आणि आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा अशी शिफारस झाली. याचा अर्थ उघड आहे. शिष्टाचार हा भल्या माणसाने स्वखुशीने करावयाचा उपकार नसून खेळाचा पायाच आहे, असे या मंडळींनी ठरवून टाकले.

या शिस्तीमागील तत्त्व दोन वाक्यांत सांगता येईल. पहिले, तुमच्या मागून कोणी तरी येत आहे, याचे भान ठेवा. दुसरे, तुमच्यावर पंच नाही, म्हणून तुम्हीच तुमचे पंच व्हा. 1925 सालच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स या विख्यात खेळाडूचा चेंडू, तो फटक्याच्या तयारीत असता, गवतात किंचित हलला. इतर कोणीही ते पाहिले नव्हते. जोन्सने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली, निकालासाठी जादा फेऱ्या खेळाव्या लागल्या आणि त्यांत तो एका फटक्याने हरला. तो दंड घेतला नसता तर जादा फेऱ्यांची वेळच आली नसती. विजेतेपद गेले, पण शंभर वर्षांनंतर त्या वर्षीच्या विजेत्यापेक्षा पराभूताचेच नाव अधिक घेतले जाते.

हे सारे आठवण्याचे कारण मात्र गोल्फचे मैदान नव्हे. कारण आहे बीदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे दोन सीमावर्ती जिल्हे. कोकण-गोमंतकातील हजारो भाविक कुटुंबे दरवर्षी या भागात जातात. आमच्या वाचकांपैकीही अनेक जण जाऊन आले असतील. तेथे गोल्फची हिरवळ नसेल. परंतु जेथे पंच नाही, मर्यादा आखलेली नाही आणि मागून अखंड माणसे येत आहेत, अशी पुष्कळ ठिकाणे आहेत. तेथे आपण कसे वागतो, हा आमचा प्रश्न आहे.

बीदर शहरालगतचे नरसिंह झरा हे देवस्थान घ्या. डोंगराच्या पोटातील भुयारात छातीभर पाणी. त्यातून चालत जाऊन शेवटी नृसिंहाचे दर्शन घ्यावयाचे. मूर्तीपाशी जागा इतकी अपुरी की एका वेळी मोजकीच माणसे उभी राहू शकतात. आत गेलेल्याने पोटभर दर्शन घ्यावे, हे खरे. पण तो जितका वेळ तेथे थांबेल, तितका वेळ मागचे सारे पाण्यात उभे राहणार. त्यांत म्हाताऱ्या बायका असतात, खांद्यावर मुले घेतलेले बाप असतात. अशा वेळी देवापुढे छायाचित्रे काढीत बसणारा, ओल्या अंधारात मौजेखातर आरोळ्या ठोकणारा, मध्येच घुसून पुढे जाणारा हा गोल्फमधील त्या रेंगाळणाऱ्या खेळाडूचाच भाऊ नव्हे काय? तेथे निदान उन्हात उभे राहावे लागते, येथे पाण्यात.

कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातील श्रीक्षेत्र गाणगापूरची गोष्ट याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. श्रीनृसिंहसरस्वतींच्या निर्गुण पादुकांचे हे स्थान. गुरुचरित्राचे पारायण करणाऱ्या प्रत्येक घराचा जीव तेथे गुंतलेला. या क्षेत्राचा सर्वांत मोठा आचार मधुकरीचा. दत्तप्रभू मध्यान्हसमयी भिक्षेस येतात, या श्रद्धेने भाविक पाच घरी भिक्षा मागतो. त्यात निवड नाही, साठवण नाही, हट्ट नाही. भ्रमर फुलास न दुखविता मध घेतो, म्हणून तिचे नाव मधुकरी. आपल्यापुरते घ्यावे, पुढच्यासाठी ठेवावे, देणाऱ्यास भार होऊ नये, एवढा सारा शिष्टाचार त्या एका शब्दात आहे. तो शिकण्यासाठी आम्हांस स्कॉटलंडात जावयाचे कारण नव्हते.

आणि प्रत्यक्षात आम्ही काय करतो? भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून अंगावरची वस्त्रे नदीत सोडून देतो. आपली पीडा त्या वस्त्राबरोबर वाहून गेली, अशी समजूत; पण वस्त्र कोठेच वाहून जात नाही. ते घाटाच्या पायरीखाली, चिखलात, दगडाच्या कपारीत अडकून राहते आणि पुढच्या स्नान करणाऱ्याच्या पायात येते. आज बाजारातील बरेचसे स्वस्त कापड कृत्रिम धाग्यांचे असते. ते कुजतही नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेली फुले पिशवीसकट पाण्यात जातात. म्हणजे आपण जे सोडले ते दुसऱ्याच्या गळ्यात घातले. ज्या क्षेत्री पाच घरांतून मोजके मागण्याचा आचार आहे, त्याच क्षेत्री नदीला मात्र मनास येईल ते द्यावयाचे! उखडलेले ढेकूळ परत न बसविणारा खेळाडू आपल्याहून बरा म्हणावा लागेल. ते गवत निदान पुन्हा उगवते.

बीदरचा किल्ला हे तिसरे ठिकाण. आमच्या किनाऱ्यावरील वाचकाला तेथे गेल्यावर एक ओळखीची खूण दिसते. तेथील जमीन आणि तटबंदीचा बराचसा दगड आपल्याकडचाच, म्हणजे जांभा. नातेही जुने आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने 1472 साली गोवा जिंकला. त्याच सुमारास त्याने बीदरमध्ये उभारलेल्या मदरशाची भव्य वास्तू आजही रंगीत फरशांचे अवशेष मिरवीत उभी आहे. बिदरी कलाकुसरीच्या वस्तूंवर चांदीच्या नक्षीभोवती जो काळाभोर रंग चढतो, तो या किल्ल्याच्या जुन्या मातीने. कारागीर त्या मातीला इतके जपतो, आणि आम्ही पाहुणे जाऊन पाचशे वर्षांच्या भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरतो. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, असे कायदा सांगतो. परंतु प्रत्येक भिंतीपाशी पहारेकरी उभा करता येत नाही. तेथे बॉबी जोन्सच हवा; कोणी पाहिले नसले तरी मी पाहिले आहे, असे म्हणणारा.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गोल्फचे मैदान ही मूठभर श्रीमंतांची जागा. तेथे वर्गणी भारी, दारावर रखवालदार, एकरांमागून एकर जमीन आणि पाणी थोड्या लोकांच्या करमणुकीस लागलेले. तेरेखोलच्या नियोजित गोल्फ प्रकल्पास कसणाऱ्या कुळांनी केलेला विरोध गोमंतकीय वाचक विसरले नसतील. ज्या खेळाचे दार सर्वांस उघडे नाही, त्याने जनसामान्यांस शिष्टाचार शिकवावा काय? आमचे उत्तर असे की, शिष्टाचार घ्यावा, त्यातील अहंता घेऊ नये. आपल्या बरोबरीच्या सभासदापुढे मौन पाळणारा गृहस्थ कॅडीशी अरेरावी करीत असेल, तर त्याचा शिष्टाचार हा केवळ कपड्याचा भाग ठरतो. बंगळुरूच्या मैदानावर कॅडीचे काम केलेल्या सी. मुनियप्पा यांनी 2009 साली भारतीय खुली स्पर्धा जिंकली, ही गोष्ट अशा गृहस्थांनी ध्यानात ठेवावी. खांद्यावर दुसऱ्याची पिशवी वाहणाऱ्याचा हात आपल्याहून सफाईदार असू शकतो.

हीच कसोटी यात्रेकरूलाही लागू पडते. आपण देवापुढे हात जोडतो. पण घाट झाडणाऱ्या बाईशी, रिक्षावाल्याशी, खोली दाखविणाऱ्या पोऱ्याशी कसे बोलतो? भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी घरोघर ऐकू येते. बाजारात एकच माणूस कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा सहज बोलून जातो. 1956 साली हैदराबाद संस्थानाची वाटणी होऊन हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्या वाटणीविषयीची मतभिन्नता आपल्या जागी राहो. पण तेथील माणसाने आपल्याशी मराठीतच बोलावे असा हक्क सांगत जाणारा पाहुणा आपल्याच भाषेस कमीपणा आणतो. दोन शब्द कन्नडचे शिकून जावे, नमस्कार म्हणावा, उपकार मानावेत. बीदरजवळ अष्टूर येथे अहमदशहा वली या बहमनी सुलतानाच्या उरुसात हिंदू जंगमास मान आहे. पाळी कोणाची, हे ठरवावयास त्या लोकांना पंच लागला नाही.

समुद्रकाठच्या आम्हां लोकांस या तक्रारीची दुसरी बाजूही ठाऊक आहे. आपल्या किनाऱ्यावर येऊन बाटल्या फोडून जाणाऱ्या, गावच्या देवळात अर्धवस्त्राने शिरणाऱ्या पर्यटकांविरुद्ध आम्ही याच स्तंभातून लिहिले आहे आणि वाचकांनी त्यास दाद दिली आहे. परंतु येथे यजमान असताना जो न्याय आपण मागतो, तोच तेथे पाहुणे असताना आपणांस लागू नये काय? तो लावून घेणे म्हणजेच स्वतःवर दंडाचा फटका धरणे.

यासाठी नवा कायदा नको, की नवी समितीही नको. गुरुप्रतिपदेस वा दत्तजयंतीस निघणाऱ्या प्रत्येक बसमध्ये यात्राप्रमुखाने निघतानाच तीन गोष्टी सांगाव्यात. पाण्यात काही सोडणार नाही; दर्शन घेऊन लगेच बाजूस होईन; आणि जी जागा मला जशी मिळाली तशीच, साधल्यास थोडी बरी करून, मागच्याच्या हाती देईन. सोडावयाचे वस्त्र गरजवंताच्या हाती द्यावे. पीडा जावयाची असेल तर ती तशीही जाईल.

देवाच्या दारी आपण नेहमी पुढे पाहतो. पुढे किती रांग उरली, एवढेच मोजतो. कधी मान वळवून मागे पाहिले तर तेथेही आपल्यासारखीच माणसे उभी दिसतील, तितक्याच लांबून आलेली आणि तितकीच थकलेली. दत्तप्रभू कोणत्या वेषात येतील याचा नेम नाही, असे आपणच आपल्या मुलांना सांगत असतो. ते मागच्या माणसांत उभे नसतील, हे कोणी सांगावे?