पावसाळ्यातला समुद्र

आवणी आटोपली, की चार दिवस हात मोकळे होतात. मग शहापूर-मुरबाडची तरणी पोरं म्हणतात, "चला, केळव्याला समुद्र बघून येऊ." जरूर जावं. पण समुद्र म्हणजे आपली भातसा किंवा काळू नदी नव्हे.

नदीला पूर येतो तो पावसाने. पाऊस थांबला, की पूर उतरतो. समुद्राचं तसं नाही. लख्ख ऊन असलं तरी त्याचं पाणी चढतं. चंद्र आणि सूर्य ते ओढतात. म्हणून दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. अमावास्या-पुनवेला भरती सगळ्यांत मोठी. तिला उधाण म्हणतात.

भरती कधी येणार? किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात. समजा, चतुर्थी आहे. ४ ची पाऊणपट ३. म्हणजे दुपारी ३ च्या सुमाराला आणि पहाटे ३ च्या सुमाराला पाणी पुरतं भरतं. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच.

पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो. लाटा उंच उठतात. माघारी जाणारं पाणी पायाखालची वाळू ओढतं आणि माणसालाही आत नेतं. नदीतला पट्टीचा पोहणारा तिथे दमतो. सारा जन्म समुद्रावर काढलेला कोळीसुद्धा नारळी पुनवेपर्यंत होडी किनाऱ्याला ओढून ठेवतो.

तेव्हा निघण्याआधी तिथी बघा. समुद्र काठावरूनच बघा. कोणी बुडत असेल, तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर किंवा रिकामा डबा फेका आणि कोळ्यांना हाक मारा.