अकराशे कोटी नोटा गेल्या कुठे?

दहा हजार रुपयांची नोट आपल्या देशात खरोखर चालत होती. १९३८ साली ती पहिल्यांदा आली, १९४६ मध्ये रद्द झाली, १९५४ मध्ये परतली आणि जानेवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ती कायमची बाद केली. मार्च १९७६ अखेर साऱ्या देशात अशा नोटा होत्या सुमारे १,२६०. दुर्मीळ चलन म्हटलं की असलीच एखादी नोट डोळ्यांपुढे येते. मला थक्क करणारा आकडा मात्र अगदी दुसऱ्या टोकाचा आहे.

तो आहे दोन आणि पाच रुपयांच्या नोटांचा. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात चलनातल्या नोटांचा तक्ता असतो. त्यात २०२३ साली या दोन्ही मिळून सुमारे १,१०० कोटी नोटा चलनात दिसतात. लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी आठ नोटा, अगदी तान्ह्या बाळाच्याही नावे आठ. पाच माणसांच्या घराच्या वाट्याला चाळीस येतात. पाकीट, कपाट, फडताळातला डबा, सगळं धुंडाळलंत तरी ट्रॅक्टरवरच्या शेतकऱ्याची ती पाचाची नोट एखादी सापडली तर सापडली.

या नोटा एकापुढे एक मांडल्या तर रांग जवळजवळ १२ लाख किलोमीटर भरेल. म्हणजे चंद्रावर जाऊन, परत येऊन, पुन्हा चंद्र गाठता येईल. देशातल्या दर शंभर नोटांमागे आठ नोटा या दोन किमतींच्या आहेत. पण पैशांत मोजाल तर चलनी नोटांतल्या दर शंभर रुपयांमागे त्यांचा वाटा जेमतेम तेरा पैसे.

मग गेल्या कुठे? दोनाची नोट छापणं १९९५ सालीच थांबलं. पाचाची पुढे काही वर्षं पुन्हा निघाली, मग तीही मागे पडली आणि तिची जागा नाण्याने घेतली. पण रद्द कुणीच केल्या नाहीत. बँकेच्या वहीतून नोट वजा होते ती परत आली तरच. उंदराने कुरतडलेली, खिशात राहून धुतली गेलेली, पुरात वाहिलेली, आजीने पोथीत ठेवून दिलेली, अशी प्रत्येक नोट हिशेबात आजही जिवंत आहे. त्यातल्या किती खऱ्याच शिल्लक असतील ते वहीवरून कळत नाही. पण जी धड आहे, तिच्यावर दुकानात जाऊन काडेपेटी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नाण्यांचं गणित तर याहून चक्रावणारं. लहान नाणी, म्हणजे आठ आणे आणि त्याखालची, वहीत जवळपास १,४८० कोटी आहेत आणि त्यांची किंमत ७०० कोटी रुपये. नाण्यामागे सरासरी ४७ पैसे पडतात, म्हणजे बहुतेक सगळे आठ आणेच. प्रत्येक नाणं तीनच ग्रॅमचं धरलं तरी वजन ४४ हजार टनांवर जातं. दहा टनी ट्रकमध्ये भरायचं तर ४,४०० ट्रक लागतील.

चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. त्या दिवसापासून सव्वा रुपया नाण्यांत मोजून देता येत नाही. विड्यावर सव्वा रुपया ठेवायची रीत मात्र घरोघर आहे, म्हणून कित्येक देवघरांत एखादी पावली जपलेली असते. ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं.

आठ आण्यांची गोष्ट वेगळी. ते आजही कायदेशीर चलन आहे. फक्त २०११च्या नाणे कायद्याने एक मर्यादा घातली आहे: एका व्यवहारात आठ आण्यांची नाणी दहा रुपयांपर्यंतच चालतात, म्हणजे वीस नाणी. रुपया आणि त्यावरच्या नाण्यांना ती हजार रुपये आहे. आता हिशेब करा. साधारण १,३०० कोटी अधेल्या वीस-वीसने खर्चायच्या म्हटल्या तर ६५ कोटी वेळा कुणीतरी दुकानात जाऊन उभं राहायला हवं, आणि समोरच्याने दरवेळी त्या घ्यायला हव्यात. खरी अडचण इथेच येते. दहा रुपयांचं धडधाकट नाणंसुद्धा ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणून परत करणारी गावं आहेत. त्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही खरे, हे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करून सांगावं लागलं.

आणि हा नुसता गमतीचा हिशेब नाही. मुंबईच्या टांकसाळीने माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार एक रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला रुपया, कलशातला, ओटीतला, गाडीतून जाताना नदीत टाकलेला, टीव्हीशेजारच्या डब्यात साठलेला, हे सारे रुपये बाजारातून उठतात आणि त्यांच्या जागी नवे पाडावे लागतात. देशात २५ कोटी कुटुंबं धरू या. प्रत्येकाने वीसच नाणी डब्यात ठेवली तरी ५०० कोटी नाणी अडकतात आणि तेवढी नवी पाडायला ५५५ कोटी रुपये लागतात. इकडे दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवतो. आहेराच्या रुपयाबद्दल माझी तक्रार नाही, तो मानाचा असतो. डब्यातल्या रुपयाला मात्र असा कसलाच मान नाही, तो नुसता विसरलेला आहे.

दोन हजारांच्या नोटेचं वेड आणखी निराळं. मार्च २०१८ मध्ये या नोटा ३३६ कोटींच्या आसपास होत्या. मे २०२३ मध्ये त्या मागे घेण्याचं जाहीर झालं आणि लोकांनी भराभर जमा केल्या. तरी जुलै २०२५ अखेर ६,०१७ कोटी रुपये यायचे बाकी होते, म्हणजे सुमारे तीन कोटी नोटा. त्या अकराशे कोटी दोना-पाचांच्या नोटांची सगळी मिळून किंमत चार हजार दोनशे कोटींच्या थोडी वर, आणि या तीन कोटींची सहा हजार कोटींवर! आठवण म्हणून एखादी ठेवणं समजू शकतं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ट्रंकेत अशा नोटा राहिल्या असतील तर त्या जरूर काढा. मुंबई, बेलापूर आणि नागपूरच्या रिझर्व्ह बँक कार्यालयांतून त्या खात्यावर जमा करता येतात, आणि जाणं जमत नसेल तर टपालानेही पाठवता येतात.

दोना-पाचांच्या नोटांना एवढीही यातायात नको. भाजीवालीला द्या. नाही म्हणाली तर बँकेत भरा.