एका टिंबाची गोष्ट

खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनीने अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी गावातील चाळीस घरांची पाहणी केली. डेअरीला कोण रोज किती दूध घालते, एवढाच प्रश्न. सरासरी निघाली साडेपाच लिटर. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने याच घरांत विचारले होते, तेव्हा ती साडेचार होती. "सर, गावात लिटरभर दूध वाढलं!" निष्कर्ष लिहून तयार होता आणि अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीलाही द्यायची होती.

सरासरी हा शब्द आपल्याकडे भाग्यवान. घरात मराठी बोला की कन्नड, तो बदलत नाही. पण त्याच्यावर किती विसंबायचे?

फ्रान्सिस अॅन्सकोंब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली अकरा-अकरा जोड्यांचे आकड्यांचे चार संच तयार केले. चारही संचांत एका राशीची सरासरी ९, दुसरीची साडेसात; दोघींमधील सहसंबंधही जवळजवळ सारखाच, सुमारे ०.८२. कागदावर चौघे जुळे भाऊच म्हणा ना! आलेख काढला की मात्र एकात टिंबे रेषेभोवती विखुरलेली, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात सरळ रांग आणि एकच टिंब वर उडालेले, तर चौथ्यात एक सोडून सगळी उभ्या रेषेत.

हे चार संच 'आर' नावाच्या संगणकीय भाषेत आयतेच दिलेले आहेत. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन हे दोघे शिकवत. प्रयोगशाळेतील मॅकिंतोश संगणकांवर विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच ते लिहायला घेतले. आधार होता अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स व सहकाऱ्यांनी १९७६ पासून घडवलेल्या 'एस' भाषेचा. दोघांच्या नावांचे आद्याक्षर 'आर', तेच नाव पडले. १९९५ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी मोफत खुली केली आणि पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आज जगभरच्या लोकांनी लिहिलेली वीस हजारांहून अधिक जोड-पॅकेजेस तिच्यासाठी फुकट मिळतात. आपल्या प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या नावाची एक आज्ञासुद्धा तिच्यात आहे!

मोफत या शब्दाचे मोल मला विचारा. मी नोकरीला लागलो तेव्हा असली सॉफ्टवेअर्स विकत घेणे कॉलेजला परवडत नसे. कोणाकडून तरी आणलेल्या सीडीवर काम चाले. (आता कबूल करायला हरकत नाही.) मुलांना घरी सराव करा म्हणून सांगायचीही सोय नव्हती.

मात्र 'आर' लाडावणारी नाही. माऊसने बटणे दाबून सगळे होते, या सवयीच्या मुलांना आज्ञा टाइप करायचा कंटाळा येतो. छोटे अक्षर आणि मोठे अक्षर ती वेगळे मानते. कंस राहिला की पुढे सरकत नाही. पहिले पंधरा दिवस मुले वैतागतात, मीही वैतागलो होतो. पण लिहिलेली आज्ञा जपून राहते. आकडा कुठून आला हे दुसऱ्याला पायरी-पायरीने तपासता येते, हा फायदा मला फार मोठा वाटतो.

तर त्या मुलीचे आकडे घातले, 'प्लॉट' म्हटले. एकोणचाळीस टिंबे खाली दाटीवाटीने आणि एक थेट आभाळात. ४५ लिटर! यादीत क्रमांक पाहिला, तर घर तिचे स्वतःचेच. ४.५ लिहिताना दशांशचिन्ह सुटले होते. एवढ्या एका टिंबाने साऱ्या गावाचे दूध लिटरभर वाढवले होते.

तिची आई कन्नड माहेरची. प्रकल्प जमा करायच्या दिवशी मुलीबरोबर आली, तेव्हा तो आलेख तिला दाखवला. तोंडाला पदर लावून हसत म्हणाली, "एरडे एम्मी अदावरी, सर!" दोनच तर म्हशी आहेत. मुलीने निष्कर्षाचे पान फाडले आणि नवे लिहायला बसली: तीन वर्षांत वाढ नाही.