फिजिओथेरपिस्ट कसे घडतात? घरी उपचाराला बोलावण्याआधी हे माहीत असू द्या

"डॉक्टर, ऑपरेशन तर झालं. आता व्यायामासाठी रोज कुणी यायलाच पाहिजे का? आमच्या सोसायटीत एक मालिश करणारे काका येतात, ते निम्म्या पैशांत करतात." गुडघ्याचे सांधेरोपण झालेल्या रुग्णाला घरी सोडताना हा प्रश्न मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकतो. विचारण्यात गैर काहीच नाही. ऑपरेशनचा खर्च नुकताच झालेला असतो आणि घरच्या फिजिओथेरपीचे पैसे बऱ्याचदा खिशातूनच जातात. पण या प्रश्नामागे एक समज असतो, की फिजिओथेरपी म्हणजे हातपाय हलवून देणे, थोडा शेक, थोडे मशीन. तेवढेच असेल तर कुणीही चालेल, नाही का?

काही वर्षांपूर्वीच्या माझ्या एका रुग्ण आजी आठवतात. सांधेरोपण होऊन नऊ-दहा दिवस झाले होते. घरी व्यायामाला येणारी मुलगी पदवी घेऊन जेमतेम वर्ष झालेली. त्या दिवशी तिने आजींचा पाय पाहिला आणि व्यायाम घेतलाच नाही. पोटरी दुसऱ्या पायापेक्षा सुजलेली होती, दाबल्यावर दुखत होती, हाताला गरम लागत होती. तिने टेपने दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला आणि तिथूनच मला फोन केला. घरचे नाराज होते. "आल्या, पाय बघितला आणि गेल्या" अशी तक्रार मुलाने माझ्याकडे केलीच. संध्याकाळी डॉपलर तपासणीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ निघाली. अशी गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकते. त्याच पोटरीला त्या दिवशी कुणी तेल लावून जोरात चोळले असते तर काय झाले असते, हे मी त्या मुलाला वेगळे सांगितले नाही. त्याला ते कळले होते.

त्या मुलीने जे ओळखले ते ती कुठे शिकली, हे रुग्णांना आणि नातेवाइकांना माहीत असावे म्हणून हा लेख.

प्रवेश आणि पहिली दोन वर्षे

फिजिओथेरपीची पदवी महाराष्ट्रात बीपीटीएच या नावाने ओळखली जाते. इतर अनेक राज्यांत तिलाच बीपीटी म्हणतात. बारावीला विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय लागतात. आपल्या राज्यात प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो, म्हणजे एमबीबीएस आणि आयुर्वेदाला जाणारी मुले जी परीक्षा देतात तीच. राज्यातील बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. काही अभिमत विद्यापीठेही हा अभ्यासक्रम चालवतात.

पदवी आतापर्यंत साडेचार वर्षांची होती: चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. केंद्रीय आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात ती पाच वर्षांची झाली असून शेवटचे पूर्ण वर्ष इंटर्नशिपचे आहे. त्यामुळे तुमच्याकडे येणाऱ्या व्यक्तीने जुन्या पद्धतीने शिक्षण घेतले असण्याचीच शक्यता सध्या जास्त. त्याने काही बिघडत नाही.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. कोणता स्नायू कुठल्या हाडाला चिकटतो, त्याला कोणती नस पुरवठा करते, हे मुले पाठही करतात आणि विच्छेदनाच्या हॉलमध्ये पाहतातही. पुढे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र येते. फिजिओथेरपिस्ट औषधे लिहून देत नाहीत, मग औषधशास्त्र कशाला? कारण रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, इन्सुलिनवर असेल किंवा रक्तदाबाच्या गोळीने उभे राहताच त्याला चक्कर येत असेल, तर व्यायाम कसा आणि कितपत घ्यायचा हे बदलते.

मशीनचेही तसेच आहे. इलेक्ट्रोथेरपी हा विषय म्हणजे बटण कुठले दाबायचे एवढेच शिकणे नव्हे. त्यात महत्त्वाचे असते ते मशीन कधी लावू नये हे. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाला शॉर्टवेव्हचा शेक देत नाहीत. शरीरात धातूची प्लेट किंवा कृत्रिम सांधा असेल त्या जागेवरही देत नाहीत, कारण धातूभोवती उष्णता साठून आतून भाजू शकते. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाला शेक किती गरम आहे ते कळतच नाही. गरम पाण्याच्या पिशवीने घरच्या घरी पाय भाजून आलेले असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

मोजायला शिकणे

माझ्या मते या शिक्षणाचा गाभा तिसऱ्या वर्षी येतो. एकीकडे अस्थिरोग, मेंदूविकार, सर्वसाधारण वैद्यक आणि शस्त्रक्रिया हे विषय असतात, आणि सोबत 'फंक्शनल डायग्नोसिस' नावाचा विषय. सोप्या भाषेत, या माणसाला नेमके काय करता येत नाही आणि का, हे शोधणे. मी एक्स-रे पाहून सांगतो की सांध्याची झीज झाली आहे. पण तीच झीज असलेला एक माणूस जिना चढतो आणि दुसरा चढत नाही. दुसऱ्याच्या मांडीचा पुढचा स्नायू कमजोर आहे, की कंबरेच्या बाजूचा, की त्याला पडायची भीती बसली आहे, हे एक्स-रेत दिसत नाही.

त्यासाठी मुले मोजायला शिकतात. सांधा किती अंशांत वाकतो ते गोनिओमीटरने. स्नायूची ताकद शून्य ते पाच या श्रेणीत: शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता येते पण वर थोडाही दाब दिला तर टिकत नाही, पाच म्हणजे पूर्ण ताकद. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, एका पायावर किती सेकंद उभा राहतो, वेदना दहापैकी किती. अर्धांगवायूनंतर "हात थोडा बरा वाटतोय" हे आपण घरच्यांनी म्हणणे वेगळे आणि "खांद्याची ताकद दोनवरून तीनवर आली" असे कुणी लिहून ठेवणे वेगळे. दुसऱ्या वाक्यावरून मी पुढचा निर्णय घेऊ शकतो.

याच काळात त्यांना धोक्याच्या खुणाही शिकवतात. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेची जागा बधिर झाली तर व्यायाम नाही, थेट रुग्णालय. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, ताप, अचानक कमी झालेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग अशा वेळीही आधी डॉक्टरांकडे पाठवायचे. आजींची पोटरी याच यादीतली.

वॉर्डातले दिवस

चौथ्या वर्षी आणि इंटर्नशिपमध्ये मुले रुग्णालयात असतात. अस्थिरोग, मेंदूविकार, बालरोग, छातीचे विकार, अतिदक्षता विभाग, शिवाय समाजात जाऊन काम. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या छातीतला कफ मोकळा करणे, हृदयशस्त्रक्रियेनंतर माणसाला पलंगावरून प्रथम उठवणे, सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला बसायला शिकवणे, पाय कापावा लागलेल्या माणसाला कृत्रिम पायाची सवय लावणे, ही सगळी त्यांचीच कामे. कोविडच्या काळात अतिदक्षता विभागात ऑक्सिजन कमी पडणाऱ्या रुग्णांना पालथे झोपवताना आमच्याबरोबर तेही उभे होते, याची कुणी फारशी दखल घेतली नाही.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवातही एका साथीतून झाली. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. मुले वाचली, पण पाय लुळे पडले. त्यांना उभे करायला प्रशिक्षित माणसेच नव्हती. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने परळच्या केईएम रुग्णालयात देशातले पहिले रीतसर प्रशिक्षण सुरू झाले.

पदव्युत्तर शिक्षण कधी महत्त्वाचे?

बीपीटीएचनंतर दोन वर्षांचे एमपीटीएच करता येते. त्यात एक शाखा निवडावी लागते: हाडे-स्नायू, मेंदू व मज्जासंस्था, हृदय व श्वसन, सामाजिक आरोग्य वगैरे. प्रबंध लिहावा लागतो. त्यापुढे पीएचडी.

रुग्णाला यातले किती पाहावे? माझे मत स्पष्ट आहे. साध्या सांधेरोपणानंतर किंवा मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर पाच-सहा वर्षे अनुभव असलेला बीपीटीएच पदवीधर पुरेसा असतो. पदव्युत्तर पदवीच हवी असा हट्ट धरू नका. मात्र अर्धांगवायू, मणक्याची इजा, पार्किन्सन किंवा लहान मुलांचे विकासाचे प्रश्न असतील तर त्या शाखेत काम केलेली व्यक्ती मिळवण्यासाठी थोडी धावपळ जरूर करा. आणि हाताची बोटे, लिहिणे, शर्टाची बटणे लावणे, जेवणे असा प्रश्न असेल तर कदाचित ऑक्युपेशनल थेरपिस्ट हवे असतील. त्यांची पदवी वेगळी, बीओटीएच.

नावाआधीचे 'डॉ.' आणि नोंदणी

फिजिओथेरपिस्टनी नावाआधी 'डॉ.' लावावे का, यावर बराच वाद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने लावू नये असे पत्र काढले आणि लगेच मागेही घेतले. अमेरिकेत तर आता या व्यवसायात येण्यासाठी पदवीनंतर साधारण तीन वर्षांची 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी' ही पदवी, राष्ट्रीय परीक्षा आणि त्या राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या मुलामुलींनाही आधी आपले शिक्षण तपासून घेऊन ती परीक्षा द्यावी लागते. वाद चालू राहो. तुम्ही 'डॉ.' पाहण्यापेक्षा पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहा.

महाराष्ट्रात ही नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. देशपातळीवर २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला आहे. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून शिकलेला माणूस रागावत नाही. तीन-सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, "अमुक डॉक्टरांकडे दहा वर्षे हाताखाली होतो", जिमचा ट्रेनर, पिढीजात हाडवैद्य, यांपैकी कुणीही फिजिओथेरपिस्ट नव्हे. त्यातले काही मनाने चांगले असतात, हातही हलका असतो. पण सुजलेली पोटरी पाहून थांबायचे, हे त्यांना कुणी शिकवलेले नसते.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवे

पहिल्या दिवशी व्यायाम कमी आणि तपासणी जास्त झाली तर पैसे वाया गेले असे समजू नका. फिजिओथेरपिस्टने जुने आजार, चालू औषधे आणि पूर्वीची ऑपरेशने विचारायला हवीत, काहीतरी मोजून लिहून ठेवायला हवे आणि दोन-तीन आठवड्यांत काय साधायचे ते सांगायला हवे. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधांची यादी आधीच काढून ठेवा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किती वजन टाकायचे, किती वाकवायचे, हे आम्ही कार्डावर लिहितो. ते नसेल तर आम्हाला फोन करायला सांगा. रोज फक्त मशीन लावून वीस मिनिटांनी निघून जाणारी व्यक्ती असेल आणि दोन आठवड्यांत तुम्हाला स्वतः करायचा एकही व्यायाम शिकवला गेला नसेल, तर ती बदला.

एका पायाला अचानक सूज, छातीत दुखणे, धाप लागणे, जखमेतून स्राव किंवा ताप असेल तर फिजिओथेरपिस्ट येण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवा. धाप किंवा छातीत दुखणे असेल तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.