भीती मनात ठेवू नका, तपासणी करा

कंडोमशिवाय संबंध आला आणि एचआयव्हीची धास्ती बसली, तर पहिले ७२ तास मोलाचे. तेवढ्यात सरकारी रुग्णालय गाठा. डॉक्टरांना धोका वाटल्यास २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. जितक्या लवकर, तितके बरे. वेळ टळली तरी आयसीटीसी केंद्रात मोफत, गोपनीय तपासणी होते. लगेचच्या तपासणीत लागण दिसतेच असे नाही, म्हणून ३ महिन्यांनी पुन्हा तपासा. तोवर कंडोम वापरा. ताप-पुरळावरून निदान होत नाही. लागण निघालीच, तर सरकारी उपचार मोफत आहेत. शंका असल्यास १०९७ वर फोन करा. शील मोडल्याच्या शरमेने घरात कुढू नका. दुःखाचे कारण शोधा, उपाय करा, ही तर तथागतांचीच शिकवण.