परसातले खुराडे आणि कोंबड्यांचे वाण

स्मरणिकेत कोंबड्यांवर लेख पाहून आमच्या काही शाकाहारी सभासदांस नवल वाटेल. परंतु माळव्यातील खेड्यांशी ज्या कुटुंबांचा संबंध अद्याप टिकून आहे, त्यांपैकी पुष्कळांच्या परसात खुराडे असते. या घरांतून एक प्रश्न वारंवार निघतो : गावठी, कडकनाथ, ऱ्होड आयलंड रेड अशा निरनिराळ्या वाणांच्या कोंबड्या एकत्र ठेवाव्यात की नाही? आमचे उत्तर असे, की घरच्या अंड्यांसाठी हव्या तितक्या वाणांच्या ठेवाव्यात. परंतु पिल्ले काढावयाची ती जोडी ठरवूनच काढावीत. या दोहोंची गल्लत झाली, की चार-पाच वर्षांत खुराडे भरलेले राहते आणि वाण मात्र एकही उरत नाही.

प्रथम वाणांचे गुण पाहू. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते. अंडी थोडी खरी, परंतु ती खुडूक बसते, पिल्ले सांभाळते, घारीची चाहूल ओळखते आणि उकिरडा उकरून आपले पोट बरेचसे आपणच भरते. ऱ्होड आयलंड रेड हा अमेरिकेतील तांबडा, अंगाने भरलेला वाण. त्याची अंडी तपकिरी. पांढरी लेगहॉर्न मूळची इटलीची. अंडी पुष्कळ देते, पण खुडूक बसण्याची वृत्ती तिच्यात जवळजवळ उरलेली नाही. असील हा आपल्याच देशातील बळकट व भांडखोर वाण. आपल्या ‘अस्सल’ या शब्दाचेच ते नाव भावंड आहे. दोन असील कोंबडे एका खुराड्यात कोंडू नयेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

इंदूरकरांस सर्वांत जवळचा वाण कडकनाथ. झाबुआ आणि २००८ साली त्यातून वेगळा झालेला अलीराजपूर हा त्याचा मूळ मुलूख. भिल्ल व भिलाला कुटुंबांनी तो पिढ्यान्‌पिढ्या राखला. तिकडे त्यास ‘कालीमासी’ असेही म्हणतात. पिसे, कातडी, तुरा, जीभ, पाय, इतकेच नव्हे तर मांस व हाडेही काळपट असतात. अंडे मात्र फिकट तपकिरी असते. काळे अंडे दाखवून कोणी पैसे मागू लागल्यास खुशाल पाठ फिरवावी. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या योजनांत पैसे गुंतवून फसवणूक झाल्याच्या तक्रारी अनेक शेतकऱ्यांनी केल्या. नावास किंमत आली, की नावाचा व्यापारही सुरू होतो.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे : काळा रंग ही शुद्धतेची खूण नव्हे. हा काळेपणा प्रभावी गुण आहे. आई-बाप दोहोंपैकी एकाकडूनच आला तरी तो पिल्लात उतरू शकतो. चीनकडील सिल्की या वाणातही हाच गुण आहे. त्यावरील बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांचे प्रयोग १९११ साली प्रसिद्ध झाले. सिल्की कोंबडा आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबडी अशी जोडी लावता माद्या गडद निघाल्या व नर फिके. जोडी उलट लावता नर-मादी दोन्ही फिके. यावरून बोध असा, की कडकनाथ कोंबडा आणि दुसऱ्या वाणाची कोंबडी यांची तलंग बाहेरून पुरती काळी दिसू शकते, पण तिच्या पोटी येणारी पिल्ले नाना तऱ्हेची निघतील. तेव्हा पिल्लू घेताना रंगापेक्षा त्याचे आई-बाप कोणते, याची चौकशी अधिक महत्त्वाची.

संकर वाईट, असे मात्र आमचे म्हणणे नाही. दोन भिन्न वाणांची पहिली पिढी बहुधा काटक व चांगली वाढणारी निघते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची ‘वनराजा’ आणि जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची कडकनाथाचा अंश असलेली ‘नर्मदानिधी’ ही परसासाठीच तयार झाली आहेत. परंतु त्यांचा गुण पुढील पिढीत तसाच उतरेल, हा भरवसा नसतो. अशा कोंबड्यांची अंडी खावीत. पिल्ले नवीन आणावीत.

शुद्ध वाण राखावयाचा तर एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरतात, पण त्यांचा आवार निराळा हवा. कोंबडा काढून टाकला तरी पूर्वीच्या संगाने फळलेली अंडी दोन-तीन आठवडे पडत राहतात, हे पुष्कळांस माहीत नसते. म्हणून मिश्र कळपातून वेगळ्या काढलेल्या कोंबड्यांची अंडी पहिले तीन आठवडे उबवणीस ठेवू नयेत. नंतर स्वच्छ, मध्यम आकाराची अंडी निवडून रुंद टोक वर करून थंड जागी ठेवावीत आणि सात दिवसांच्या आत बसवावीत. कडकनाथ कोंबडी खुडूक बसण्यास फारशी भरवशाची नाही. ते काम गावठी कोंबडीकडे द्यावे. सातव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून पोकळ अंडी काढावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात.

राणीखेत, ज्यास खेड्यात मानमोडी म्हणतात, तो रोग एका रात्रीत खुराडे ओस पाडतो. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी, हा क्रम पशुवैद्यास विचारून पाळावा. बाहेरून आणलेला पक्षी तीन आठवडे दूर ठेवावा. जुना कोंबडा त्याच दिवशी हलविला, तर या तीन आठवड्यांत नव्याची परीक्षाही होते आणि जुन्याचा अंशही सरतो.

शेवटचा धोका घरच्या घरीच असतो. तोच कोंबडा आपल्याच मुली-नातींवर राहिला, की पिल्ले दुबळी होतात आणि अंडी कमी फळतात. यावर उपाय एकट्या घराने होण्यासारखा नाही. तीन घरांनी मिळून मात्र सहज होतो. तिघांनी एकच वाण घ्यावा. तलंगा आपापल्या घरी राहू द्याव्यात आणि दरवर्षी पहिल्या घरी जन्मलेला निवडक कोंबडा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे व तिसऱ्याचा पहिल्याकडे पाठवावा. दिशा कधी बदलू नये. कोणत्या कोंबडीची पिल्ले कधी निघाली, याची एक साधी वही ठेवावी. खर्च जवळजवळ काही नाही.

झाबुआच्या पाड्यांवरील लोकांनी अंगणात जे सांभाळले, ते आपल्या परसात येऊन दोन-चार वर्षांत विरून जाऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे. ज्या सभासदांची शेतघरे जवळजवळ आहेत, त्यांनी येत्या हंगामात तीन-तीन घरांचे असे गट करून पाहावेत, ही विनंती.